जुन्या खोडाचा भाव

अबुधाबी, ३० ऑक्टोबर २०२१. एतिहाद अरिनाच्या अष्टकोनी पिंजऱ्यात ब्राझीलचा ग्लोव्हर टेशेरा चढला, तेव्हा त्याला बेचाळीस पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. या वयात लढवय्ये सहसा दोरी, मिटं आणि शिट्टी घेऊन पोरांना शिकवत असतात. समोर होता पोलंडचा यान ब्लाहोविच, यूएफसी या स्पर्धासंस्थेच्या लाइट हेवीवेट गटाचा, म्हणजे ९३ किलोपर्यंतच्या मल्लांचा विजेता. तोही अडतीस वर्षांचा, पोरसवदा नव्हेच. पण गेल्या तेरा महिन्यांत त्याने डॉमिनिक रेयेसला ठोशांनी गारद करून किताब घेतला होता, आणि तोवर एकही लढत न हरलेल्या इस्राएल अडेसान्याला शेवटच्या दोन फेऱ्यांत खाली दाबून तो राखलाही होता. सट्टाबाजाराचा कौल ब्लाहोविचला होता.

निकाल सध्या बाजूला ठेवू. आदल्या रात्री, हाताशी फक्त दोघांचा इतिहास असताना, या लढतीचं भाकीत कसं करायचं?

मिक्स्ड मार्शल आर्ट्स किंवा एमएमए हा खेळ आजच्या ओळखीने पुढे आला तो नोव्हेंबर १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात. पहिल्या यूएफसी स्पर्धेत बॉक्सर, सुमो मल्ल, लाथांचे वस्ताद असे सगळे एकाच पिंजऱ्यात सोडले होते. त्या सगळ्यांना पुरून उरला हॉइस ग्रेसी, अंगापिंडाने किरकोळ, पण ब्राझिलियन जुजुत्सूत मुरलेला. तेव्हा प्रश्न ‘कोणती विद्या श्रेष्ठ’ असा होता. आता प्रत्येकाला सगळंच कमीअधिक येतं. किताबाची लढत पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते. ठोसे-लाथांनी प्रतिस्पर्धी निकामी झाला, त्याने टॅप करून शरणागती दिली किंवा पंचांनी थांबवलं, तर लढत तिथेच संपते. नाही तर तीन परीक्षक प्रत्येक फेरीला गुण देतात; सरस ठरणाऱ्याला दहा, दुसऱ्याला बहुतेक वेळा नऊ.

भाकीत करणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे माहितीचा तुटवडा. सचिन तेंडुलकर ६६४ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्याच्याबद्दल आकडेवारी काहीतरी ठामपणे बोलू शकते. टेशेराने २००२ पासून १९ वर्षांत लढती केल्या होत्या अवघ्या ३९. त्यातल्याही अर्ध्याअधिक वेगळ्या देशांत, वेगळ्या दर्जाच्या लोकांशी आणि वेगळ्या वयात. पंचविशीतल्या टेशेराने कोणाला कसं पाडलं, यावरून बेचाळिशीतल्या टेशेराबद्दल फारसं कळत नाही. त्यात हातमोजे चार औंसांचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आतले. बॉक्सिंगमधल्या जाड मोज्यांआड लपून ठोसे झेलता येतात, इथे तेवढा आडोसाच नाही. चार फेऱ्या मागे पडलेला माणूस पाचवीत एका ठोशावर लढत फिरवू शकतो.

दुसरी अडचण आणखी गमतीची आहे. बुद्धिबळात आर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञाने बसवलेली गुणपद्धत चालते. प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याने सरासरी ७६ टक्के गुण घ्यावेत अशी अपेक्षा. यामागचं गृहीत असं की ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला हरवलं, तर ‘अ’ हा ‘क’ला भारी पडणार. टेशेराच्याच वजनगटात घडलेलं पाहा. २००७ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनने मौरिसियो ‘शोगुन’ हुआला हरवलं. २००८ मध्ये रशाद इव्हान्सने ग्रिफिनला, २००९ मध्ये ल्योतो माचिदाने इव्हान्सला आणि २०१० मध्ये शोगुनने माचिदाला. चौघांचं वर्तुळ पूर्ण झालं आणि प्रत्येक जण दुसऱ्या कोणाहून तरी सरस ठरला. अशा चौघांना एका शिडीवर उभं करायचं कसं?

गावच्या जत्रेत जोड लावणाऱ्या वस्तादाला हे शिडीवाचून कळतं. तो नुसतं वजन आणि नाव बघत नाही. कोण पटात घुसतो, कोणाची मान आखडू आहे, कोणाचा दम तिसऱ्या मिनिटाला संपतो, हे पाहून तो जोड ठरवतो. आव्हानवीर आणि विजेता यांच्याकडेही तसंच बघावं लागतं. ‘कोण भारी?’ याआधी विचारायचं, ‘कुस्ती होणार कुठे?’ उभ्याने, हातभर अंतरावर? पिंजऱ्याच्या जाळीला रेटून? की खाली, मॅटवर?

आता वयाकडे येऊ. वय हा एक आकडा म्हणून लिहिला जातो, पण माणूस एकाच वेगाने म्हातारा होत नाही. आधी जाते ती नजर आणि हालचाल यांमधली चपळाई. येणारा ठोसा दिसतो, पण डोकं हलायला उशीर होतो. मग जाते ‘हनुवटी’. लढवय्यांच्या भाषेत हनुवटी म्हणजे डोक्याला बसलेला तडाखा पचवून उभं राहण्याची ताकद. मेंदूला वर्षानुवर्षं हादरे बसत गेले की ती घटते, आणि गेली की सरावाने परत येत नाही. दुखापत भरायला वेळ लागतो. लढतीच्या आदल्या दिवशीच्या वजनासाठी अंगातलं पाणी काढणं अधिक जड जातं. पण पकडीचा जोर, वर बसून समोरच्याच्या छातीवर भार टाकण्याची कला, त्याचा पुढचा डाव आधीच ओळखणं, यांना इतक्या लवकर गंज चढत नाही. उभ्याने लढणारा प्रौढ मल्ल आणि जमिनीवर लढणारा प्रौढ मल्ल यांची वयं कागदावर सारखी दिसली तरी खेळात सारखी नसतात. वजनगटही महत्त्वाचा: हलक्या गटांत सगळा खेळ वेगावर, वरच्या गटांत ताकद आणि भारावर. चाळिशी ओलांडून यूएफसीचा किताब जिंकणाऱ्यांची उदाहरणं वरच्या गटांतच सापडतात, त्याचं एक कारण हे.

या खातेवहीत टेशेराचं पान भरू. नावे बाजू जड होती. २०१४ मध्ये बाल्टिमोरला जॉन जोन्सविरुद्ध त्याला किताबाची संधी मिळाली होती, ती हुकली. २०१६ मध्ये अँथनी जॉन्सनने त्याला १३ सेकंदांत आडवं केलं. २०१७ मध्ये स्टॉकहोमला गुस्ताफसनने, २०१८ मध्ये हॅम्बुर्गला कोरी अँडरसनने हरवलं. एकोणचाळिशीला टेकलेला, विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर पडलेला माणूस. बहुतेकांनी त्याचं नाव खोडलं होतं.

जमेच्या बाजूला त्यानंतरचे पाच सलग विजय. त्यांचा नुसता आकडा मोजला तर हातून काहीतरी निसटतं. त्यातल्या तीन लढतींत, कार्ल रॉबर्सन, इऑन कुटेलाबा आणि थियागो सांतोस यांच्याविरुद्ध, आधी टेशेराच डगमगला होता. त्या तिघांचाही शेवट मात्र एकाच प्रकारे झाला: टेशेराने त्यांना खाली नेलं आणि गळ्याचा डाव लावला. निराशावादी यातून वाचेल की म्हाताऱ्याची हनुवटी गेली आहे, सगळे त्याला हलवतात. ब्लाहोविचचा हात तर सांतोसइतकाच जड. आशावादी वाचेल की हा माणूस मार खाऊन भांबावत नाही, भांबावला तरी त्याचे हात आपोआप समोरच्याच्या पायांकडे जातात, आणि एकदा खाली नेलं की सुटका नाही. दोघंही एकाच पुराव्याकडे बघत असतात.

म्हणजे भाकितातला कळीचा प्रश्न एवढाच उरतो की टेशेरा ब्लाहोविचला खाली नेऊ शकेल का, आणि नेण्याआधी किती ठोसे खाईल. इथे विजेत्याच्या बाजूने सबळ मुद्दा होता. ब्लाहोविच स्वतः जुजुत्सूचा ब्लॅक बेल्ट. अडेसान्याला त्याने जमिनीवरच बांधून ठेवलं होतं. तरी बारकाईने पाहणाऱ्याला एक खोच दिसली असती: अडेसान्या खालच्या गटातून वर आलेला, उभ्याने खेळणारा मल्ल होता. त्याच्यावर बसणं वेगळं आणि टेशेराच्या खाली सापडणं वेगळं.

पहिल्या फेरीत सुरुवातीलाच टेशेरा एकेरी पटात घुसला. एक पाय छातीशी धरून त्याने ब्लाहोविचला मॅटवर आणलं आणि उरलेली फेरी त्याच्यावर भार टाकून काढली. लांबून पाहणाऱ्याला यात फारसं काही घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात खालचा माणूस दर श्वासाला ९३ किलो उचलत असतो. कूस बदलायला कोपर उघडला की तिथे ठोसा येतो, कोपर मिटला की वरचा आणखी पुढे सरकतो. पाच मिनिटांनी ब्लाहोविच उठला तेव्हा घड्याळात चार फेऱ्या शिल्लक होत्या, पण त्याच्या हातांतली ताकद त्या हिशेबाने उरली नव्हती.

दुसऱ्या फेरीत दोघं उभ्याने भिडले आणि अनेकांच्या अंदाजाच्या उलट टेशेराच्या डाव्या हुकने ब्लाहोविच हलला. पुन्हा खाली, पुन्हा वर बसणं. ब्लाहोविचने सुटण्यासाठी पाठ दिली. टेशेराने हात मागून गळ्याखाली सरकवला आणि ‘रिअर नेकेड चोक’ लावला. या डावात श्वासनलिका दाबायची नसते. दंड एका बाजूला, मनगटाकडचा भाग दुसऱ्या बाजूला, अशी मानेच्या दोन्ही कडांवरच्या रोहिण्यांवर कात्री लागते. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. यात वेग लागत नाही, हात नेमका कुठे बसला एवढंच लागतं. तीन मिनिटं दोन सेकंदांवर ब्लाहोविचने टॅप केलं. पहिल्यांदाच किताब जिंकणारा सर्वांत वयस्क मल्ल म्हणून यूएफसीच्या इतिहासात टेशेराची नोंद झाली.

त्याच्याहून मोठ्या वयात किताब घेणारा एकच, रँडी कुटूर. ३ मार्च २००७ ला ओहायोतल्या कोलंबसमध्ये तो निवृत्तीतून परतला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याआधीच्या दोन वर्षांत चक लिडेलने त्याला दोनदा बेशुद्धीच्या उंबरठ्यावर नेलं होतं. हेवीवेट विजेता टिम सिल्व्हिया त्याच्याहून बारा वर्षांनी लहान आणि वीतभर उंच, सहा फूट आठ इंच. कुटूर मूळचा ग्रीको-रोमन कुस्तीचा, म्हणून सगळ्यांना वाटलं हा कमरेला मिठी मारायला जाणार. त्याने पहिल्या काही सेकंदांत उजव्या हाताचा ठोसा वरून फिरवला आणि सिल्व्हिया खाली बसला. त्यानंतर कुस्ती आली, आणि ती पाचही फेऱ्या चालली. तिन्ही परीक्षकांचे गुण सारखेच: ५०-४५. ‘कुस्ती होणार कुठे?’ याचं उत्तर प्रौढ मल्ल मुद्दाम चुकीचं सुचवू शकतो. अनुभव म्हणतात त्यातला बराच भाग हाच असतो.

कधी कधी मात्र भाकिताला लागणारी माहिती बाहेर आलेलीच नसते. ४ जून २०१६ ला कॅलिफोर्नियात मायकेल बिस्पिंगने मिडलवेट विजेता ल्यूक रॉकहोल्डला पहिल्या फेरीत डाव्या हुकने झोपवलं. बिस्पिंग सदतीस वर्षांचा होता. जखमी झालेला मूळ आव्हानवीर वाइडमन याच्या जागी त्याला अवघ्या १७ दिवसांच्या सूचनेवर बोलावलं होतं. दीड वर्षापूर्वी याच रॉकहोल्डने त्याला गळ्याच्या डावात हरवलं होतं. २०१३ मधल्या एका लढतीने उजव्या डोळ्याची नजर जवळपास गेली आहे, हे बिस्पिंगने उघडपणे सांगितलं ते पुढे केव्हातरी. जगाला हे आधी कळलं असतं, तर भाव त्याच्या आणखी विरोधात गेला असता, आणि भाव लावणारे तरीही चुकलेच असते असं नाही.

हे शेवटचं वाक्य विचित्र वाटेल. त्यासाठी भाव वाचता यायला हवा. समजा, विजेत्यावर शंभर लावले तर जिंकल्यावर १४० परत मिळतात आणि आव्हानवीरावर लावले तर ३१०. शंभराला या आकड्यांनी भागलं की शक्यता निघते: विजेत्याची ७१ टक्के, आव्हानवीराची ३२. बेरीज शंभराच्या वर जाते. वरचे तीन-चार टक्के म्हणजे भाव देणाऱ्याचा नफा. तो वजा केला तर आव्हानवीराच्या वाट्याला ३१ टक्के उरतात, म्हणजे जवळपास तीनातली एक लढत. तीनातल्या एका वेळी घडणारी गोष्ट घडली की लोक ‘चमत्कार’ म्हणतात. भाव मात्र आधीपासूनच सांगत असतो की हे अधूनमधून होणार.

मग चांगलं भाकीत आणि नशीब यांत फरक कसा करायचा? हा पेच हवामानखात्याचा जुना आहे. उद्या पावसाची शक्यता ७० टक्के म्हटलं आणि पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला का? ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये यावर एक सोपी मोजणी सुचवली. घडलं तर १, नाही घडलं तर ० धरायचं. सांगितलेली शक्यता आणि हा आकडा यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. आकडा जितका लहान तितकं भाकीत चांगलं. विजेत्याला ९० टक्के देणाऱ्याला तो जिंकला तर ०.०१ चा दंड, हरला तर ०.८१ चा. ७० टक्के देणाऱ्याला अनुक्रमे ०.०९ आणि ०.४९. ‘काही सांगता येत नाही’ म्हणत ५० टक्क्यांवर बसणाऱ्याला दोन्ही वेळा ०.२५. एका लढतीवरून यातलं कोण शहाणं ते ठरत नाही. शंभर लढतींची सरासरी काढली की छातीठोकपणे बोलणारे आणि तोलून बोलणारे वेगळे दिसू लागतात.

त्या शंभरांत पुनरागमनाच्या कथांबरोबर न्यूयॉर्कमधली १६ नोव्हेंबर २०२४ ची रात्रही धरावी लागते. हेवीवेट गटात सलग तीन वेळा किताब राखण्याचा विक्रम केलेला, ओहायोत अग्निशमन दलाची नोकरी करणारा स्टिपे मिओचिच बेचाळिसाव्या वर्षी जॉन जोन्ससमोर उभा राहिला. वय टेशेराचंच, पण मधली साडेतीन वर्षं तो लढलाच नव्हता, आणि त्याची मदार मुख्यतः उभ्याने होणाऱ्या लढतीवर होती. जोन्सने तिसऱ्या फेरीत गिरकी घेऊन टाच त्याच्या बरगड्यांत घातली. मिओचिचने त्याच रात्री निवृत्ती जाहीर केली. अशा लढतींची पारायणं कोणी करत नाही. म्हणूनच जुनं खोड जिंकल्याच्या कथा डोक्यात जास्त राहतात आणि पुढच्या वेळी अंदाज करताना हात त्यांच्याकडे झुकतो.

टेशेरावरही ती वेळ आली. जून २०२२ मध्ये सिंगापूरला आव्हानवीर होता एकोणतीस वर्षांचा चेक मल्ल यिरी प्रोहाझ्का. आता टेशेरा विजेता होता, तरी कौल प्रोहाझ्काकडे होता. हिशेब साधा: प्रोहाझ्का ठोशांनी जिंकेल, किंवा टेशेरा त्याला खाली नेऊन गळ्याचा डाव लावेल. पाच फेऱ्या दोघं एकमेकांना कधी उभ्याने, कधी मॅटवर झोडपत राहिले. शेवटची २८ सेकंदं उरली असताना टॅप झालं, ते टेशेराचं. ठोशांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रोहाझ्काने जुजुत्सूच्या ब्लॅक बेल्टला त्याच्याच आवडत्या डावात, मागून गळा आवळून हरवलं. ज्यांनी प्रोहाझ्काचं नाव घेतलं होतं त्यांचं नाव बरोबर आलं, त्यामागचं कारण साफ चुकलं. ब्रायरच्या मोजणीत मात्र चुकीच्या कारणासाठी वेगळा दंड नाही.

जानेवारी २०२३ मध्ये रिओला, घरच्या प्रेक्षकांसमोर, जमाहाल हिलने टेशेराला पाच फेऱ्या मारलं. तिन्ही परीक्षकांनी ५०-४४ दिले. त्याने तिथेच हातमोजे उतरवले आणि कनेक्टिकटमधल्या आपल्या तालमीत परतला. तिथे त्याचा एक शागीर्द होता, अलेक्स परेरा. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कला परेराने प्रोहाझ्काला दुसऱ्या फेरीत ठोशांनी आडवं करून तोच लाइट हेवीवेट किताब घेतला. मार्च २०२५ मध्ये दागिस्तानच्या मागोमेद अंकालायेवने तो हिसकावला, तेव्हा परेराचं वय सांगून लोकांनी पुन्हा तेच हिशेब मांडले. परेरा उभ्याने लढणारा, म्हणजे वयाचा फटका ज्याला आधी बसायला हवा असा. ऑक्टोबर २०२५ मध्ये लास वेगासला दोघं पुन्हा समोरासमोर आले. अडतीस वर्षांच्या परेराने दीड मिनिटाच्या आत लढत संपवली आणि पट्टा टेशेराच्या तालमीत परत आला.